ना हरकत

कागद नव्हताच.
असता तर माझ्याच हातून टाइप झाला असता,
शिरोलीच्या त्या फाउंड्रीत
हजेरीपासून जीएसटीपर्यंत सगळं माझ्या टेबलावरून जातं.

ठरलं ते जेवणावर.
नागाव फाट्याच्या अलीकडं, शेळके शेठच्या मळ्यात,
सुट्टीच्या सोमवारी.
आठ मालक. तांबडा, पांढरा,
आणि दोघा माळकऱ्यांसाठी वेगळा अख्खा मसूर.
मी सह्यांना चेकबुक घेऊन गेलेलो,
म्हणून पडवीत थांबलो, म्हणून ऐकलं:
"तुमचा आम्ही घेणार नाही,
आमचा तुम्ही घ्यायचा नाही.
दारात आलाच, तर एक फोन करायचा."
आणि रस्सा पुन्हा फिरला.

हीच माणसं, बरं का,
पंपाच्या केसिंगला किलोमागं चाळीस पैशांवरून
एकमेकांच्या नावानं बोटं मोडणारी.
तरी यांचं लाडल त्यांच्याकडं जातं उसनं,
त्यांची वाळू यांच्याकडं येते,
पिग आयर्न संपलं तर रात्री बाराला टेंपो हजर.
माणूस तेवढा उसना चालत नाही.

इलाही मुजावर, मोल्डर, हालोंडीचा.
मूठभर वाळू दाबायचा, मूठ उघडायचा,
बोटांचे वळ बघून म्हणायचा,
"वाईच पाणी जास्त झालंय."
लॅबचा पोरगा दहा मिनिटांनी मीटर घेऊन
तेच सांगायला यायचा.
नऊ वर्षं. बावीस हजार चारशे.
मार्चमध्ये त्यानं दोन हजार वाढ मागितली.
शेठ म्हणाले, "बघू."
ते 'बघू' मला ओळखीचं आहे,
माझ्या ड्रॉवरमध्ये तसली तीन पडून आहेत.

मग एक दिवस त्यानं खाडा केला.
पहिल्या गेटवर ट्रायल घेतली.
त्याचा साचा बघून फोरमननं खांद्यावर हात टाकला,
ऑफिसात जाऊन आला तेव्हा हात खिशात होते.
"भावा, ना हरकत दाखला हाय काय?"
दुसऱ्या गेटवर कुणी नाव विचारलंच नाही,
नाव त्याच्या मोपेडपेक्षा जोरात पळालेलं.
तिसऱ्यावर चहा मिळाला. नुसता चहा.

ते तिन्ही फोन मीच उचलले.
तिन्ही वेळा म्हणालो,
"होय, आमचाच आहे."

दुसऱ्या दिवशी कार्ड पंच करून
तो माझ्या खिडकीशी उभा राहिला.
"काय चोरलं व्हय मी, क्लार्कसाहेब?"
मी त्याला मळ्यातल्या जेवणाचं सांगितलं.
फोनचं नाही सांगितलं.
तो जरा वेळ कपाळावरची काजळी पुसत राहिला.
"म्हंजे मला कुणी घिऊ नये
म्हणून आठ जणांनी मटण खाल्लं?
एवढा माझा भाव हाय,
तर दोन हजार का जड झालं?"
भट्टीचा भोंगा झाला. तो गेला.
त्या दिवशीच्या त्याच्या साच्यांत
एकही कास्टिंग रिजेक्ट नाही, मी नोंद केली आहे.

जूनमध्ये गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात
अकाउंट्सची जागा निघाली. चार हजार जास्त.
शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.
तिथवर कशाला पोचतंय शेळक्यांचं मटण,
असं म्हणून मी अर्ज टाकला,
आमच्या बायकोनं देवाला साखर ठेवली.

गुरुवारी, साडेअकराला, टेबलावरचा फोन वाजला.
"अहो, तुमच्याकडं कुणी सदानंद घोरपडे म्हणून आहे का?
क्लार्क?"

शेठच्या केबिनचं दार उघडं होतं.
आतला पंखा ऐकू येत होता.
खोटं बोलायला तसा भरपूर वेळ होता.

"होय," मी म्हणालो,
"आमचाच आहे."

"बरं झालं विचारलं," पलीकडचा म्हणाला,
आणि अगदी आपुलकीनं:
"आपण कोण बोलताय?"